पर्यावरणाचा तास आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)





समितीने मला विषय दिला आहे 'शाळा आणि पर्यावरण'. काहीजण म्हणाले, "दादा, हा विषय प्राध्यापकांचा, तुम्ही गिरणी कामगार, तुमचा काय संबंध?" मला वाटतं संबंध आहे. कापसाची धूळ नाकात घेऊन ज्यानं तीस वर्षं पाळी केली, त्याला हवा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. नाल्याच्या काठाला ज्याचं घर, त्याला पाणी म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून या विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला आहे, असं मी मानतो.

आपल्या अभ्यासिकेत येणारी मुलं-मुली वेगवेगळ्या शाळांत जातात. त्यांच्या निमित्तानं गेल्या वर्षभरात मी अनेक शिक्षकांशी, दोन-तीन मुख्याध्यापकांशी, शाळेच्या शिपायांशी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी बोललो. एकच प्रश्न विचारला : पर्यावरण हा विषय तुम्ही कसा शिकवता आणि त्यात आमच्या वस्तीचा प्रश्न येतो का? माणसं मोकळेपणानं बोलली. विश्वासानं बोलली म्हणून मी कुणाचं नाव किंवा शाळेचं नाव घेणार नाही. त्याची गरजही नाही. कारण उत्तरं जवळजवळ सगळीकडे सारखीच होती.

आधी हा विषय शाळेत आला कसा ते सांगतो. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला, की शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवला पाहिजे. बारा वर्षं गेली तरी नीट अंमल झाला नाही, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये त्याच न्यायालयाने पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले. आपल्या महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास होताच. पुढे अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आलं, नंतर जलसुरक्षाही आली. म्हणजे विषय कागदावर आहे. तो वर्गात कसा आहे, हा प्रश्न आहे.

शिक्षक काय म्हणाले? पहिली गोष्ट वेळेची. एक बाई म्हणाल्या, "काका, या विषयाला श्रेणी आहे, मार्क नाहीत. ज्याला मार्क नाहीत त्याचा तास गणिताला जातो." वर निवडणुकीचं काम, मतदार याद्या, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब. हे खोटं नाही. शिक्षकाला दोष देण्याआधी त्याच्या डोक्यावरचं ओझं आपण बघितलं पाहिजे. ओझं वाहणाऱ्याचं दुःख कामगाराला कळलं नाही तर कुणाला कळणार?

दुसरी गोष्ट, पर्यावरण म्हणजे झाडं आणि स्वच्छता एवढाच अर्थ बहुतेकांच्या मनात आहे. ५ जूनला रोप लावायचं, फोटो काढायचा, वर पाठवायचा. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, तेव्हा शाळेच्या पोरांनीही खड्डे काढले. एक शिपाईमामा हसत हसत मला म्हणाले, "खड्डा त्योच असतोय, रोप दरसाली नवं." झाड लावणं वाईट नाही. सम्राट अशोकानं रस्त्याच्या कडेला वड लावले, आंबराया लावल्या, विहिरी खोदल्या, आणि हे शिलास्तंभावर कोरून ठेवलं. पण अशोकानं ती सावली आणि ते पाणी सगळ्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी ठेवलं होतं, हे मुलांना सांगायचं राहून जातं.

तिसरी गोष्ट भीतीची. एक गुरुजी खाजगीत म्हणाले, "नदीत पाणी कोण सोडतं हे मला ठाऊक आहे. पण मी ते वर्गात बोललो तर उद्या कुणाचा तरी फोन येईल." दुसरे म्हणाले, "न्याय, अन्याय, जात, वस्ती हे शब्द आले की ते राजकारण होतं. आम्ही विज्ञान शिकवतो." आणि चौथी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, पण मला दिसली. बरेच शिक्षक आमच्या वस्तीत कधी आलेले नाहीत. शाळेपासून वस्ती दहा मिनिटांवर असली तरीही.

आता याचा परिणाम काय होतो ते बघा. अभ्यासिकेतल्या एका सहावीतल्या मुलीला 'माझा परिसर' हा उपक्रम दिला होता. तिनं लिहिलं, आमच्या घरामागून नाला जातो, पावसाळ्यात त्याचं पाणी घरात येतं, आजीच्या पायाला जखमा होतात. वही परत आली तेव्हा त्यावर शेरा होता : 'परिसर स्वच्छ ठेवावा. बागेचे चित्र काढावे.' मुलीनं बागेचं चित्र काढलं. कुठली बाग? तिनं बाग कधी जवळून बघितलेली नाही. शेरा लिहिणाऱ्यानं दुष्टपणानं लिहिला असं मी म्हणत नाही. पण त्या एका ओळीनं मुलीला काय शिकवलं? तुझं घर जिथे आहे तो परिसर वहीत लिहिण्याच्या लायकीचा नाही, आणि तिथली घाण ही तुझीच चूक आहे.

बंधू-भगिनींनो, माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. पर्यावरणाच्या बहुतेक धड्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : 'आपण सगळे'. आपण सगळे नदी घाण करतो, आपण सगळ्यांनी ती वाचवली पाहिजे. ऐकायला गोड आहे. पण घाण सगळे सारखी करत नाहीत आणि ती सगळ्यांच्या दारात सारखी येत नाही. 'आपण सगळे' म्हटलं की कुणी केलं आणि कुणी सोसलं हे दोन्ही प्रश्न पुसले जातात. ते दोन प्रश्न विचारणं म्हणजेच पर्यावरणीय न्याय. शब्द मोठा आहे, अर्थ एवढाच.

आपल्या पंचगंगेचंच उदाहरण घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची ही नदी प्रयाग चिखलीला एक होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. मध्ये कोल्हापूर शहर जयंती आणि दुधाळी यांसारख्या नाल्यांतून आपलं सांडपाणी तिच्याकडे लोटत आलं. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं शुद्धीकरण केंद्र झालं, तरी नाले तुंबून नदीत मिसळल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. पुढे इचलकरंजीला कापड प्रोसेसचं रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून नदीत आलं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. आणि २०२३ साली काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी कोल्हापूर शहरात आलं. चांगलंच झालं. पण नदीच्या खालच्या अंगाला, शिरोळ तालुक्यातल्या गावांना कुठली पाइपलाइन? वरच्यानं सोडायचं आणि खालच्यानं प्यायचं. ही रीत आपल्या लोकांना नवी आहे का?

पुराचंही तसंच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा मोठमोठ्या बंगल्यांतही पाणी शिरलं हे खरं. पण दरवर्षी, पाणी धोक्याच्या रेषेला टेकायच्या आधी बोचकं बांधून बाहेर पडावं लागतं ते सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीतल्या लोकांना. कष्टकऱ्यांना जमीन मिळाली ती नाल्याच्या काठाची, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. भूगोलाच्या धड्यात पूर म्हणजे अतिवृष्टी. आपल्या वस्तीत पूर म्हणजे अतिवृष्टी आणि इतिहास, दोन्ही.

हा इतिहास आपल्याला पाठ आहे, फक्त त्याला आपण पर्यावरण म्हणत नाही. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी पाणी मिळालं नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर सनातन्यांनी काय केलं? दूध, दही, शेण आणि गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि म्हणाले, तळं शुद्ध झालं! आजच्या मुलानं विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग तपासावा : पाणी माणसाच्या ओंजळीनं घाण होतं, की शेणानं? न्यायालयीन लढाई दहा वर्षं चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

तेव्हा 'विटाळ' म्हणायचे, आज 'अस्वच्छ वस्ती' म्हणतात. शब्द बदलला. पण घाणीशेजारी ज्याला राहावं लागतं त्यालाच घाणेरडा ठरवायची खोड गेली नाही. म्हणून मी शिक्षकांना नम्रपणे म्हणतो, महाडचा सत्याग्रह इतिहासाच्या पुस्तकात आहे, तो पर्यावरणाच्या तासालाही शिकवा.

आणि कोल्हापूरच्या शाळेला तर लांब जायचीही गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांनी वरच्या जातीच्या नोकरांसाठी ठेवलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचं हॉटेल काढून दिलं. 'सत्यसुधारक' हॉटेल. तिथे स्वतः महाराज चहा घ्यायला थांबत. ज्या राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवलं, त्याच राजानं भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. शाळा, पाणी आणि समता या तीन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगळ्या नव्हत्या. आपणच त्या तीन तासांत वाटून टाकल्या.

हा प्रश्न फक्त आपल्या देशातला आहे असंही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉरेन नावाचा परगणा आहे. तिथे बहुसंख्य लोक काळे. १९८२ साली सरकारनं विषारी माती पुरायला तीच जागा निवडली. लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेच्या वर माणसांना अटक झाली. विषाचा खड्डा त्यांना थांबवता आला नाही, पण १९८७ साली तिथल्या एका चर्चच्या संस्थेनं देशभराचा अभ्यास करून दाखवून दिलं, की घातक कचऱ्याची ठिकाणं कुठे येतात हे ठरवण्यात वंश ही सर्वांत मोठी बाब आहे. तिथून 'पर्यावरणीय न्याय' हा शब्द जगभर गेला. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडे बघून दलित पँथर काढली. तेव्हा हे नातं जुनं आहे.

आता कामगार म्हणून एक अवघड गोष्ट बोलतो. एक शिक्षक मला म्हणाले, "माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप प्रोसेसमध्ये, लूमवर कामाला आहेत. कारखान्यामुळं नदी मरते असं शिकवलं, तर पोरगं घरी जाऊन बापाला काय विचारेल?" हा प्रश्न खरा आहे. प्रोसेस बंद करा म्हणणं सोपं आहे. ज्याची चूल त्यावर पेटते त्याला ते सोपं नाही. पण न्यायाचा विचार हेच तर शिकवतो. पाणी शुद्ध करून सोडायचा खर्च मालकाचा, त्यावर नजर ठेवायचं काम सरकारचं. तो खर्च वाचवला की तो नदीवर पडतो, आणि शेवटी त्याच कामगाराच्या पोराच्या पोटात कावीळ होऊन जातो. मग त्या पोराचा बाप गुन्हेगार नाही. तो दोनदा नाडलेला माणूस आहे, एकदा पाळीत आणि एकदा नळावर. असं समजावून सांगितलं तर पोरगं बापाची लाज बाळगणार नाही, बापाच्या बाजूनं उभं राहील. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न आणि दामोदर खोऱ्याच्या पाण्याची योजना, दोन्ही त्यांच्याच टेबलावर होते. कामगार आणि नदी हे एकमेकांचे वैरी नाहीत, याला यापेक्षा मोठा दाखला नको.

धम्माच्या अंगानंही बघू. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झालं, आणि युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावं लागलं, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडलं आहे. आज आपल्याच जिल्ह्यात बघा. पंचगंगा बिघडली म्हणून इचलकरंजीनं वारणेचं पाणी मागितलं, तर वारणाकाठानं विरोध केला. दूधगंगेचं मागितलं, तर दूधगंगाकाठानं विरोध केला. दोन्हीकडे गरजू माणसं, दोन्हीकडे शेती आणि घागरी. आणि ज्यांच्यामुळं पंचगंगा बिघडली ते या भांडणात कुठे दिसतच नाहीत. रोहिणीची गोष्ट सांगून हा प्रश्न सहावीच्या वर्गालाही समजावता येईल. विनयात तर नियमच आहे, की भिक्खूनं पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी जे भिक्खूला लागू होतं ते आज नगरपालिकेला आणि कारखानदाराला लागू होऊ नये काय?

सगळं चित्र काळं नाही. एका बाईंनी काय केलं ऐका. त्यांनी मुलांना घेऊन वस्तीत पुराच्या खुणा शोधल्या. २००५ चं पाणी कुठवर, २०१९ चं कुठवर, २०२१ चं कुठवर. म्हाताऱ्या आज्या भिंतीवर हात ठेवून दाखवत होत्या आणि पोरं टेपनं मापत होती. गणितही झालं, भूगोलही झाला. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी नाल्याकाठची पोरं पहिल्यांदा वर्गात पुढं बसली, कारण माहिती त्यांच्याकडं होती." त्यांना कुणाचा फोन आला नाही. घाबरणाऱ्या शिक्षकांना मला हे सांगायचं आहे, की सुरुवात मोजण्यापासून करा. मोजलेल्या गोष्टीला राजकारण म्हणणं कठीण जातं.

आणखी एक. शाळेचा कर्मचारी म्हणजे फक्त शिक्षक नव्हे. टाकीत पाणी कधी येतं, मुलींच्या संडासला पाणी असतं की नाही हे शिपायाला ठाऊक. तांदळात काय निघालं आणि भांडी घासायला पाणी कुठून आणावं लागतं हे स्वयंपाकाच्या ताईंना ठाऊक. त्यांना पर्यावरणाच्या तासाला कुणी बोलावत नाही. बाबासाहेबांच्या लहानपणी शाळेत शिपायानं नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. तो शिपाई आणि तो नळ हाच माझ्या मते आपल्या पोरांचा पर्यावरणाचा पहिला धडा आहे. आणि शाळेतला संडास कोण साफ करतं, झाडू कुणाच्या पोराच्या हातात दिला जातो, हा दुसरा. गटारात मरणाऱ्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, पण माणूस गटारात उतरणं थांबलं नाही. स्वच्छतेच्या धड्यात त्या माणसाचं नाव आलंच पाहिजे.

मग आपण काय करायचं? शाळेवर मोर्चा नेऊन शिक्षकाला आणखी घाबरवायचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तीत तीन चतुर्थांश आई-बाप असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? महिला मंडळानं हे काम अंगावर घ्यावं. पाणी, संडास, झाडू आणि पर्यावरणाचा तास, हे चार विषय दर बैठकीत काढावेत.

दुसरं, विहारानं शिक्षकांना वस्तीत बोलवावं. त्यांचा सत्कार करावा, चहा पाजावा आणि मग नाल्यावर घेऊन जावं. जो शिक्षक वस्तीचा प्रश्न वर्गात मांडेल त्याच्या पाठीशी आपण पालक उभे आहोत, हे त्याला आधीच कळलं पाहिजे. भीती एकट्या माणसाला वाटते.

तिसरं, अभ्यासिकेत एक मोठी वही ठेवू. नाल्याचं पाणी कधी चढलं, नळाला पाणी कधी आलं, कुठल्या महिन्यात कुणाच्या घरी ताप-कावीळ झाली, हे पोरांनीच लिहायचं. तीच वही शाळेत उपक्रम म्हणून जाईल आणि तीच महापालिकेत निवेदनाला जोडता येईल. आणि हो, आपल्या हातानं नाल्यात पिशवी टाकायची नाही. मोठ्यांना जाब विचारायचा तर आपला उंबरा आधी साफ पाहिजे. पण उंबरा साफ केला म्हणजे जाब विचारायचं संपलं, असंही कुणी समजू नये.

त्या मुलीला आपण सांगितलं आहे, की तू लिहिलेलं पान फाडू नकोस. ते अभ्यासिकेच्या वहीचं पहिलं पान होणार आहे. त्याखाली दुसऱ्या पोरांनी आपापली पानं जोडायची आहेत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असं आपण दर कार्यक्रमात म्हणतो. आपल्या दारातल्या पाण्याबद्दल शिकणं ही त्याची सुरुवात समजा, आणि येत्या रविवारी प्रत्येक घरानं आपलं पोर वही-पेन्सिल घेऊन विहारात पाठवावं, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जय भीम!